उकळलेलं पाणी

१

आनेकाबाई सापडल्या त्या न्हाणीच्या उंबऱ्यात. एक हात आत, एक बाहेर, डोळे अर्धे उघडे आणि ओठ कोरडेठाक. रियाने आधी किंकाळी फोडली, मग नवऱ्याला हाक मारली. संतोषने टेंपो काढला, बाईंना मागे गादीवर आडवं केलं आणि कडाव ते कर्जत रस्ता खड्ड्यांसकट एका दमात तुडवला. दवाखान्यात पोचेपर्यंत बाईंची नाडी हाताला लागेनाशी झाली होती.

ही सोमवार सकाळची गोष्ट. मंगळवारी दुपारपर्यंत कडावपासून कशेळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की ठाकरवाडीच्या मंगळीने गोऱ्या बाईला विषारी पाला खाऊ घातला. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण अशा बातमीला साक्षीदार लागत नाही, एक सैल तोंड पुरतं.

त्याच दुपारी सुरभी लाड पावसात भिजत स्कूटरवरून कडावला पोचली. ती खोपोलीची. परदेशी पर्यटकांचा प्रवासविमा उतरवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीसाठी ती चौकशीची कामं करायची. कुणाचा पाय मोडला, कुणाची बॅग गेली, कुणाला माकड चावलं, की सुरभी हजर. बाई मनाने चांगली, पण एकदा शंका आली की बैलाच्या मानेवरच्या गोचिडीसारखी चिकटायची. तिच्या वरिष्ठांना, म्हणजे प्रवीणसरांना, तिच्या या गुणाचा मनापासून कंटाळा होता.

"रानभाजीतून विषबाधा, असं लिही आणि संध्याकाळपर्यंत पाठव," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "सगळं गाव तेच म्हणतंय."

"गाव म्हणजे प्रयोगशाळा आहे का, सर?" सुरभीने विचारलं आणि फोन ठेवून दिला.

संतोष म्हसेचं घर भाताच्या खाचरांच्या मधोमध. पुढच्या बाजूला पाहुण्यांसाठी तीन खोल्या, मागे गोठा आणि विहीर. मुंबईची माणसं येऊन चिखलात पाय बुडवायची, पिठलं-भाकरी खायची आणि फोटो काढून जायची. आनेकाबाई मात्र थेट हॉलंडहून आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. आधी मुंबई बघितली, मग भाताची लावणी आणि रानभाज्या बघायला इथे महिनाभर राहणार होत्या.

संतोषने खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. "पोलिसात द्यायची तक्रार लिहून ठेवलीय मी. तुमचा रिपोर्ट आला की जोडतो आन देतो. मंगळीला आत टाकल्याबिगर गप बसनार नाय."

"आणि तिने काही केलंच नसलं तर?"

"मग बाई काय हवा खाऊन पडली?"

सुरभीने बाईंची खोली बघितली. डास चावू नयेत म्हणून लावायचं मलम, हात धुवायचा साबण, औषधांच्या पट्ट्या, उन्हाची टोपी, सगळं रांगेत. उशाशी कंपनीचं माहितीपत्रक होतं. परक्या शहरात, परक्या गावात तब्येत कशी सांभाळावी याचं. सोललेलं फळ खा, कापलेलं नको. रस्त्यावरचा बर्फ नको. जीपमध्ये पट्टा लावा. भटक्या कुत्र्याला गोंजारू नका. पाणी उकळूनच प्या. ते पत्रक सुरभीनेच लिहिलेलं होतं, आणि बाईंनी त्यातल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

"दातसुद्धा उकळलेल्या पाण्याने घासायच्या," रिया दारातून म्हणाली. "इतकं जपणारं माणूस मी पाहिलं नाही, ताई."

सुरभीला तेच तर टोचत होतं. एवढ्या मोठ्या घरात सगळे ठणठणीत, आणि सगळ्यांत जपणारी तेवढी पडली?

२

"भाजी कुर्डूची होती," रियाने सांगितलं. "मंगळीने आणली, मी निवडली, मीच परतली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. आईंनी तर दोनदा वाढून घेतली."

"कुणाला काही त्रास?"

"मला जरा कळा आल्या पोटात," संतोष मध्येच बोलला. "गोळी घेतली, बरं झालं. ते स्टेशनवरच्या भज्यांचं. त्याचा हितं काय संबंध? मंगळीनं रानात फिरवताना बाईला काय चारलं, ते इचारा."

पडवीत संतोषची आई, सोनाबाई, तांदूळ पाखडत बसली होती. सुपाचा आवाज थांबवून तिने पदराने डोळे टिपले. "माज्या लेकीवानी ऱ्हायली गं बाय ती. जाताना रोज माजा हात हातात घ्यायची. तिची बाटली मी सोता भरून द्यायची, दुसऱ्या कुनाला हात लावू देत नव्हती. वाचंल ना गं?"

"डॉक्टर प्रयत्न करतायत, मावशी," सुरभी म्हणाली. यापेक्षा जास्त तिलाही माहीत नव्हतं.

मग ती वाडीवर गेली. कशेळ्याच्या पुढे स्कूटर रस्त्याला लावून चिखलातून चढ चढावा लागला. मंगळी घराच्या ओटीवर बसली होती. शेजारी कुर्डू आणि करटोल्यांनी भरलेली टोपली, वरचा पाला काळा पडत आलेला.

"आज बाजारला गेली होती," ती टोपलीकडे बघत म्हणाली. "एक जुडी खपली नाय. बाया बघतात आन तोंडाला पदर लावतात. इतकी वरसं माझ्या हातची भाजी खाल्ली त्यांनी."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता. सुरभीला तो राग आवडला.

"मंगळीताई, रविवारी रानात बाईंना काय दिलंत? खरं सांगा."

"काय एक नाय दिला. काकडी कापली, पोरांनी खाल्ली. तिला दिली तर हात जोडली, हसली, नाय म्हनली."

"झऱ्यावर गेलात?"

"गेलो. पाय सोडून बसली पाण्यात. पन प्याली नाय. तिची लोखंडाची बाटली होती, त्यातला पाणी प्याली फकस्त. ती बाटली घरनं भरून आनलेली."

"बाटली झऱ्यावर परत भरली असेल."

"भरली नाय. जाताना आर्धी शिल्लक होती. माझ्या पोरीनं, प्रियानं मागितली, तर तिलाबी तीच पाजली." मंगळी जरा थांबली. "पोरगीला त्या राती ढाळ लागलं. पन आमच्यात पावसात कुनाला ना कुनाला लागतंच, म्हनून मी गप राहिली."

सुरभी सावध झाली. म्हणजे दुखणं रानातून घरात गेलं नव्हतं. घरातून बाटलीत बसून रानात आलं होतं.

"हे तुम्ही संतोषला का नाही सांगितलंत?"

"इचारला कुनी?" मंगळी म्हणाली. "तुमी लिवाल तसा होनार ना, ताई?"

"मला दिसेल ते मी लिहीन," सुरभी म्हणाली, "आणि दिसल्याशिवाय उठणार नाही."

३

बुधवारी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली चांगली बातमी दिली. आनेकाबाई शुद्धीवर आल्या होत्या.

"आणि दुसरं सांगतो," डॉक्टर म्हणाले. "विषारी झाडपाल्याचा काही संबंध नाही. तपासणीत जंतू सापडलेत. घाण पाण्यातून जातात ते. आणि एका घोटाचं काम नाही हे, दोन-तीन दिवस पोटात जात असणार. या वयात अंगातलं पाणी इतकं गेलं, की मूत्रपिंडं बसण्याच्या बेतात होती."

सुरभीने तिथूनच संतोषला फोन लावला. वाटलं, बिचाऱ्या मंगळीची सुटका तरी झाली. पण संतोष कसला ऐकतोय!

"मंग झऱ्याचं पाजलं आसंल तिनं! मी म्हनतच होतो. आता कागदात तेवढं बदलून लिवतो."

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. काल पाला होता, आज झरा झाला, नाव मात्र मंगळीचंच राहिलं. सुरभीचं डोकं सणकलं. तरी ती शांतपणे खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

आनेकाबाईंचा चेहरा उशीइतकाच पांढरा होता, पण डोळे मास्तरीणबाईंचे होते, सगळं टिपणारे. त्या इंग्रजीत हळूहळू बोलल्या.

"मी पत्रकातलं सगळं पाळलं. झऱ्यावर थेंबसुद्धा प्यायले नाही. फक्त घरातलं, उकळलेलं."

"उकळलेलंच होतं, हे नक्की कशावरून?"

"त्याला धुराचा वास यायचा. लाकडाच्या धुराचा. आधी नव्हता, नंतर नंतर यायला लागला. मला आवडायचा तो." त्या दमल्या, थांबल्या. "सकाळी निघताना आजी बाटली हातात द्यायच्या. मी तिथेच उभी राहून दोन-तीन मोठे घोट प्यायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून. मग त्या हसायच्या. फार छान हसतात त्या."

नर्सने खूण केली तशी सुरभी उठली.

"त्या भाजीवाल्या बाईला कुणी काही बोलत नाही ना?" बाईंनी मागून विचारलं.

"तुम्ही आधी बऱ्या व्हा," एवढंच सुरभी म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगून त्या जीवाला घोर लावायचा नव्हता.

४

परत कडावला आल्यावर ती घरात न जाता सरळ मागे गेली. गोठ्याच्या भिंतीआड पोत्यात रिकाम्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या. धुतलेल्या, झाकणं लावलेल्या. एकेक करून सुरभीने पाचसहा बाहेर काढल्या. पर्यटकांना विहिरीचं पाणी बाटलीत भरून बंद बाटली म्हणून खपवणारे महाभाग तिने पाहिलेले होते.

"संतोष!"

तो आला आणि बाटल्या बघून लालेलाल झाला. "ओ मॅडम, तसला धंदा मी करत नाय हां! ह्या आदल्या पावन्यांच्या. आमी त्यात गुरांचं औषध भरतो, रॉकेल भरतो. आनेकाबाईनं तर पैल्याच दिवशी सांगितलं, मला प्लास्टिक नको, पानी उकळून द्या. एक बाटली इकत घेतली नाय तिनं. हितं उकळलेलं पानी मागनारी तीच पैली."

खोटं बोलत असता तर गोड बोलला असता. संतोषला राग लवकर यायचा, पण थापा मारायची अक्कल देवाने दिली नव्हती. सुरभीने बाटल्या पुन्हा पोत्यात टाकल्या.

"आणि उकळायला पाणी कुठलं घेता? नळाचं?"

"नळ हायेच कुठं? गेल्या हप्त्यात योजनेची मोटर जळाली. तवापासून आख्खी आळी इहिरीवर हाय."

सुरभी विहिरीवर वाकली. कठडा एका अंगाला खचलेला होता, आणि त्या फटीतून खाचराचं गढूळ पाणी निवांत आत उतरत होतं. वरच्या अंगाला शेणाचा उकिरडा होता, त्याचाही ओघळ त्यातच मिळालेला. जंतू कुठून आले याचं उत्तर समोर होतं. संतोषच्या कळासुद्धा भज्यांच्या नव्हत्या, हेही आता उघड झालं. बाकीच्यांची आतडी या पाण्यावर जन्मापासून पोसलेली, म्हणून निभावलं.

पण उकळल्यावर ते जंतू जगतीलच कसे?

रिया चुलीपाशी होती. सुरभी तिच्यासमोर पाटावर बसली. "रिया, एकदाच विचारते. एखाद्या दिवशी कंटाळा आला, घाई झाली, पाणी नुसतंच कोमट केलंस, असं झालं का?"

रियाचे डोळे भरले. "गॅस संपला होता ताई, हे खरं. मी लपवलं, कारण पावण्यांच्या घरात गॅस नाही म्हणायला लाज वाटते. पण मी चूल पेटवली. ओल्या लाकडांनी डोळे फुटायची वेळ आली, तरी पाणी खळाखळा उकळल्याशिवाय मी उठले नाही. पोराची शपथ."

धुराचा वास. सुरभीला बाईंचं बोलणं आठवलं. रिया खरं बोलत होती.

"मग ते गार कधी व्हायचं?"

"गार व्हायला वेळ कुठे असतो? पाणी चुलीवरून उतरायला आणि बाई निघायला एकच गाठ. त्यांना पाखरं बघायची असायची ना, सकाळी सकाळी. आई बाटली भरायच्या की चालल्या."

सुरभीने मनात सगळं जुळवून बघितलं. विहीर घाण, हे खरं. पाणी उकळलेलं, हेही खरं. बाई त्याशिवाय दुसरं काही प्यायल्या नाहीत, तेही खरं. तीन खऱ्या गोष्टी एका घरात नांदत होत्या, आणि त्यांच्यात कुठेतरी एक माणूस मरता मरता वाचला होता. फोन वाजला. प्रवीणसर म्हणत होते, झऱ्याचं लिही आणि मोकळी हो. सुरभीने फोन बंदच करून टाकला.

५

"बाय, किती भिजलीस गं! सर्दी व्हईल. न्हानीत पानी काढलंय, आंघूळ कर जा," सोनाबाई म्हणाली.

खरोखरच हाडांपर्यंत गारठा शिरला होता, आणि स्कूटरवरच्या खड्ड्यांनी पाठ धरली होती. सुरभी न्हाणीत गेली. बादलीतून वाफा निघत होत्या. सोनाबाई मागून गार पाण्याची कळशी घेऊन आली.

"मावशी, विसण घालू नका. मला कढतच लागतं."

कळशी अधांतरी थांबली. सोनाबाईचा चेहरा असा झाला, जणू सुरभीने तिच्या देवघरात चपला घालून पाय ठेवला.

"आसं वंगाळ बोलू नये गं पोरी! तिन्हीसांजेला!"

"अहो, विसणच नको म्हटलं. त्यात काय वंगाळ?"

"बिनइसनाचं पानी मढ्याला घालत्यात," सोनाबाई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "आमच्यात तसंच हाय. जित्या मानसाच्या पान्यात इसन पडायलाच पायजे, चुळकाभर का हुईना. संतोषच्या बापाला मी घातलं तसलं पानी. दोन पावसाळं झालं. चुलीवरनं उतरवलं आन तसंच दिलं भावकीच्या हातात. तवापासनं इसनाबिगर पानी माज्या हातनं सुटत नाय. हात जातोच कळशीकडं."

तिने कळशी कलती केली, बादलीत गार पाण्याची धार सोडली, बोट बुडवून बघितलं आणि पदर सावरत निघून गेली. सुरभीला त्या म्हातारीची माया आली. नवऱ्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी अजून तिच्या हातांत होतं.

सुरभीने तांब्या भरला, डोक्यावर नेला, आणि तो तसाच राहिला.

चुलीवरून उतरलेलं पाणी. बाटली भरली की बाई चालल्या. आणि बाई तिथेच उभ्या राहून मोठमोठे घोट घ्यायच्या.

कढत पाण्याचे मोठे घोट घेता येतात का कुणाला?

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सुरभीने तांब्या बादलीत सोडला, अंग पुसलं आणि ओल्या केसांनी बाहेर आली. तिने संतोषला एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी मंगळीला इथे बोलावून घे, आणि तोपर्यंत तो कागद खिशातून बाहेर काढलास तर माझ्याशी गाठ आहे.

६

सकाळी सगळे सैपाकघरात जमले. मंगळी दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. संतोष तिच्याकडे बघत नव्हता.

"रिया, आनेकाबाईंना जसं पाणी उकळून द्यायचीस, तसंच आज मला दे. रोजच्यासारखं," सुरभी म्हणाली. "आणि मावशी, मला कर्जतला निघायचंय. माझी बाटली तुम्ही भरा. तुमच्या हाताने, रोजच्यासारखी."

रियाने पातेलं चढवलं. पाणी खळाखळा उकळलं, झाकण थडथडलं, तिने ते उतरवून ठेवलं. सोनाबाई पुढे आली. तिने उकळतं पाणी पळीने बाटलीत घातलं, बाटली जेमतेम तिसरा हिस्सा भरली तशी थांबली. मग शेजारच्या हंड्यातलं पाणी पेल्याने वरून गळ्यापर्यंत ओतलं, बाटलीला हात लावून बघितलं, झाकण लावलं आणि हसून सुरभीपुढे धरली.

"घे बाय. संबाळून जा."

सुरभीने बाटली घेतली. "पाहिलंत सगळ्यांनी?"

"काय बघायचंय त्यात?" संतोष म्हणाला. "बाटली भरली आयनं."

"रिया, तू काय पाहिलंस?"

"आईंनी पाणी..." रिया बोलता बोलता थांबली. तिची नजर हंड्यावर गेली, मग बाटलीवर, आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. इतके दिवस ती त्याच ओट्याशी उभी होती, आणि रोज डोळ्यांपुढे घडलेलं तिला आज पहिल्यांदा दिसलं होतं.

"हंड्यात पाणी कुठलं?" सुरभीने विचारलं.

"इहिरीचं," संतोष पुटपुटला. "मोटर जळल्यापासनं."

"नळाचं पाणी होतं तोवर त्यात जंतू मारायचं औषध असायचं, म्हणून बाईंना आधी काही झालं नाही. मोटर जळाली, हंड्यात विहीर आली. रियाने पाणी प्रामाणिकपणे उकळलं. मावशींनी प्रेमाने गार केलं. बाई तेवढंच प्यायल्या, आणि उरलेलं मंगळीताईंची प्रिया. तीही आजारी पडली. झरा नाही, पाला नाही, काकडी नाही. जे काही गेलं ते या बाटलीतून गेलं."

सोनाबाईला कळेचना. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "काय बोलतीस पोरी? कच्चं पानी मी घातलं न्हाई तिला. देवाशप्पथ उकळलेलंच दिलं. वरनं फकस्त इसन घातलं."

"विसण म्हणजे कच्चं पाणीच ना, मावशी?"

"इसन म्हंजे पानी व्हय?" सोनाबाई म्हणाली. "इसन म्हंजे इसन."

सुरभीने दोन दिवस सगळ्यांना विचारलं होतं, पाणी उकळता का, पाणी कुठलं. पाण्यात काही मिसळलं का, असं सोनाबाईला विचारलं असतं, तरी तिने खऱ्या मनाने नाहीच म्हटलं असतं. तिच्या लेखी विसण हे पाणी नव्हतंच. तो हाताचा आशीर्वाद होता, जित्या माणसाची खूण होती.

मग ते तिच्या ध्यानात आलं. आधी डोळ्यांत आलं, मग हातात. तिने हातातला पेला हंड्यापासून लांब सारून ठेवला. "म्हंजे मी? मी गं? ज्या पान्यानं तिला जपायला गेले..." ती मटकन खाली बसली. रियाने धावत जाऊन तिला धरलं.

संतोष सुरभीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, म्हातारीचं नाव नका घालू. नुसतं 'पान्यातून' लिवा. कुनाच्या पान्यातून ते ऱ्हाऊ द्या. लोक काय म्हनतील?"

"काल मंगळीचं नाव लिहायला तुला असं काही वाटलं नव्हतं," सुरभी म्हणाली. ती हळू आवाजात मुळीच बोलली नाही. "तिला लोक काय म्हणतात, ते कशेळ्याला जाऊन बघितलंस का कधी?"

सोनाबाईने ते ऐकलं. रियाचा हात सोडवून ती उठली, लेकापाशी गेली आणि त्याच्या खिशातला घडीचा कागद काढून चुलीत घातला. मग दाराकडे वळली.

"मंगळी, चुकले गं माजं. आमचं समद्यांचंच चुकलं."

मंगळी तिच्याकडे बघत राहिली. तिला म्हातारीची दया आली असावी, पण ती एवढ्यात विरघळणारी नव्हती. "हितं चार मानसांत म्हनता तुमी. माझा नाव घेतला तो बाजारात. तिथं कोन सांगनार?"

सोनाबाईने मान खाली घातली.

दुपारी तिने अहवाल पाठवला. लगेच प्रवीणसरांचा फोन आला. "पत्रकात ओळ वाढवायची म्हणतेस, ठीक आहे. पण हे विसण म्हणजे काय? इंग्रजीत काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत, सर. त्यांना सवडीने समजावून सांगावं लागेल. आणि आपल्या लोकांना तर त्याहून जास्त सवडीने."

७

आनेकाबाईंना दवाखान्यातून सोडायचं होतं, त्या आठवड्यात सुरभी पुन्हा तिकडे आली. योगायोगाने कशेळ्याच्या बाजाराचा दिवस होता. जीपगाड्यांचे भोंगे, सुक्या मासळीचा वास, प्लास्टिकच्या चपलांचे ढीग, आणि कडेने ओळीने बसलेल्या वाडीवरच्या बाया. मंगळी आपल्या जागेवर होती. पुढ्यात टोपली भरलेली, अजून तशीच. आणि तिच्याशेजारी, गोणपाटावर, सोनाबाई म्हसे बसलेली होती.

सुरभी जीपच्या आड थांबली. कडावच्या म्हसेंची म्हातारी वाडीच्या बाईशेजारी बाजारात बसते, ही गोष्टच बायांना नवीन होती. येणारीजाणारी प्रत्येक जण थबकत होती. "सोनाबाय, तुमी हितं कशा?" असं कुणी विचारलं, की सोनाबाई पहिल्यापासून सगळं सांगायची. गोरी बाई, मोटर, विहीर, विसण. नाव कुणाचं घेतलं आणि चूक कुणाची होती. एकदा नाही, दर वेळी. आवाज मध्येच चिरकायचा, तरी थांबायची नाही. मंगळी शेजारी ताठ बसून ऐकत होती. मध्ये बोलून तिने एकदाही मदत केली नाही.

एका तरण्या बाईने सगळं ऐकलं. मग करटोली उचलून खालीवर करून बघितली, आणि तरीही विचारलंच, "पन ही खाऊन काय व्हनार न्हाई ना, आजी?"

"हिच्या भाजीनं काय व्हत न्हाई," सोनाबाई म्हणाली. "माज्या घरचं पानी मातर इचारून पी."

बाईने हसून पिशवी पुढे केली. मंगळीने तराजू उचलला.